गेथिनचा ट्राय

वेल्सचा रग्बी सामना असला की नेरिस नवऱ्याला, गेथिनला, दुपारीच क्लबात आणून सोडायची आणि सामना संपला की न्यायला यायची. तिच्या मनाविरुद्ध चाललं होतं हे. इदवाल म्हातारा असला तरी आंधळा नव्हता, सुनेच्या कपाळावरची आठी त्याला दिसत होती. पण या शनिवारी ती नेहमीसारखी दारातून परतली नाही. गेथिनच्या कोटाची बटणं काढता काढता सासऱ्याला म्हणाली, "बाबा, आज शेवटचं बघते. मागच्या खेपेला इथून आला तो दोन दिवस धड जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून बसून होता. आज पुन्हा बिथरला तर मी त्याला इथं आणायची नाही. मग तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा."

"काही बिथरत नाही," इदवाल म्हणाला. "उलट इथं आला की खुलतो पोरगा."

पोरगा पन्नाशीला टेकला होता. खांदे अजून दारात मावत नव्हते, केसही शाबूत होते, पण आतलं सगळं हळूहळू निसटत चाललं होतं. आधी किल्ल्या विसरायचा, मग गाडी कुठं लावली ते, मग स्वतःच्या मुलींची नावं. कार्डिफच्या मोठ्या डॉक्टरने मेंदूचे फोटो दाखवून सांगितलं होतं की वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या टकरींचं हे फळ आहे. इदवालने मान डोलावली होती आणि ते तिथंच सोडून तो घरी आला होता. त्याला डॉक्टरपेक्षा क्लबातल्या पडद्यावर जास्त विश्वास होता. मागच्या हिवाळ्यात गेथिनच्याच एका सामन्याची जुनी फीत चालू असताना तो एकाएकी म्हणाला होता, "डावीकडे." बस, एवढंच. पण खरोखरच तो त्या वेळी डावीकडे धावला होता! त्या एका शब्दावर इदवाल वर्षभर जगला. शनिवार गेला तर पोराकडे परत जायची वाटच बुजली, असं त्याने मनाशी धरलं होतं.

"सामना संपायच्या सुमाराला येते," नेरिस म्हणाली. गेथिनच्या गालावर हात फिरवून ती गेली.

आत नेहमीची जत्रा भरली होती. ब्रोनवेन बारमागून ग्लास भरभरून पुढे सरकवत होती, आणि सामना सुरू व्हायच्या आधीच संघनिवडीवरून डिल्विन पाववाल्याचं तोंड सुटलं होतं. ब्लेनहेली गावात माणसाला आडनाव उपयोगाचं नाही, धंदा चिकटतो. डिल्विनने पावाची गाडी कधीच विकली, तरी तो मरेपर्यंत पाववालाच.

"दहा नंबरला हा?" डिल्विन म्हणाला. "केस बघून निवडला की काय? तो आपल्या खोऱ्यातला लांब किक मारणारा पोरगा बसलाय बाकावर, आणि हा मिरवतोय."

"तुझ्या हातात निवड दिली ना, तर पंधराच्या पंधरा ब्लेनहेलीचे असतील," हेफिन म्हणाला.

"त्यात वाईट काय?"

"दोघांचे गुडघे बदललेत, एक आंधळा आहे, आणि चौथा पाद्री आहे."

"पाद्री बरा धावतो हं," इदवालने मध्येच घातलं, आणि सगळे हसले. गेथिनही हसला, सगळे हसतात म्हणून.

हेफिन हा इदवालचा शाळेपासूनचा दोस्त. तीस-एक वर्षं खोऱ्यातल्या सामन्यांत रेफरी होता, म्हणून त्याला हेफिन शिट्टी म्हणत. माणूस सरळ, आणि या क्लबात सरळपणा फार महागात पडतो.

सामना आयर्लंडशी होता. मध्यंतरापर्यंत ठीक चाललं. मग आपल्या एका धिप्पाड गड्याने समोरच्याला खांद्याने असा आडवा केला की त्याची मान मागे झुकली. क्लबात आरोळी उठली. पण रेफरीने कानाला हात लावला, व्हिडिओ रेफरीशी बोलला, पडद्यावर तीच टक्कर संथ करून पुनःपुन्हा आली, आणि त्याने खिशातून लाल कार्ड काढलं. आपले चौदाच उरले.

"काय लावलंय हे!" डिल्विनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "संथ करून दाखवलं तर माझी आजी चहा ढवळताना पण खुनी दिसेल."

"डोक्याला लागलं, डिल्विन," हेफिन म्हणाला. "नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात," इदवाल म्हणाला. आज त्याला चेव चढला होता. "आमच्या वेळी असल्या टकरीला शिट्टीसुद्धा वाजत नव्हती. तोंडावर थंड पाणी मारायचं, उभं करायचं, की गडी चालला. आता मेली व्हिडिओ खोली ठरवणार कुणाचं डोकं दुखतंय ते."

हेफिनने इदवालच्या शेजारी बसलेल्या गेथिनकडे पाहिलं आणि मग आपल्या ग्लासात पाहत राहिला. गेथिन वेफर्सच्या रिकाम्या पिशवीच्या बारीक बारीक पट्ट्या फाडून टेबलावर ओळीने मांडत होता.

सामना हरलो. आणि हरलो की ब्रोनवेनला कुणी सांगावं लागत नाही, ती जुनी फीत काढते.

हा आमच्या ब्लेनहेलीचा रिवाज. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कार्डिफला फ्रान्सशी सामना होता, शेवटचे क्षण होते, आणि गेथिन चेंडू काखेत मारून डाव्या कोपऱ्यात झेपावला होता. रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकला तर ट्राय, आणि वेल्स जिंकणार. पण फ्रान्सचा एक गडी आडवा आला, दोघं एकावर एक कोसळले, आणि चेंडू मातीला टेकला की त्या फ्रेंच गड्याच्या हातावरच राहिला ते कुणाला कळेना. रेफरीने व्हिडिओ रेफरीला विचारलं. व्हिडिओ रेफरी म्हणाला, दिसत नाही. ट्राय नाही. तेव्हापासून क्लबात तो क्षण लावायचा आणि हात वर करून मत द्यायचं, अशी रीत पडली. कुणी परका पाहुणा आला तरी त्याला मत द्यावं लागे. सगळे 'ट्राय' म्हणत. एकटा हेफिन 'नाही' म्हणे. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा इदवालने त्याच्याशी आख्खा उन्हाळा बोलणं टाकलं होतं.

त्या सामन्यानंतर सगळं खोरं पेटलं होतं. पुढच्या सामन्याला गेथिनला घेणार नाहीत अशी कुणकुण लागली. निवडणाऱ्यांना तो नीट वाटत नव्हता म्हणे. मग काय, पुलावर चादरी लटकल्या, 'गेथिनला खेळवा'. डिल्विनने पावाच्या गाडीवर तेच रंगवलं. आणि त्याच आठवड्यात मंगळवारी स्वतः गेथिनचा फोन आला होता. इदवाल स्वयंपाकघरात उभा होता आणि नेरिस, तेव्हा लग्न ठरलं होतं दोघांचं, टेबलापाशी वाटाणे सोलत होती.

"बाबा, डोक्यात घण पडतायत," गेथिन म्हणाला होता. "उजेड सहन होत नाही. डॉक्टरला सांगू का?"

"तोंड उघडू नकोस," इदवाल म्हणाला होता. "जर्सी एकदा दुसऱ्याच्या अंगावर गेली की परत मिळत नाही. दोन दिवस पडून राहा, होईल बरं."

गेथिनने ऐकलं. बापाचं नेहमीच ऐकायचा तो. स्कॉटलंडशी खेळला, साधे चेंडू हातातून सोडले, मध्यंतरालाच बाहेर आला आणि पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. मग गावच्या संघाकडून खेळत राहिला, वर्षं, टकरी खात. नेरिसने त्या फोनचा विषय आजवर काढला नव्हता. एकदा काढला असता, भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर इदवालच्या छातीवरचा धोंडा जरा हलला असता. पण ती गप्पच राहिली.

पडद्यावर हिरवं मैदान आलं.

"बघ हं, गेथिन," इदवाल त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला. "बघ, कोण आलं."

लाल जर्सीतला तरणाबांड गडी चेंडू घेऊन सुटला. एकाला चकवलं, दुसऱ्याला हाताने ढकललं. इदवाल पडद्याकडे नाही, मुलाकडे बघत होता. गेथिनने पट्ट्या मांडायचं थांबवलं होतं. तो पुढे वाकला होता, डोळे जागे होते. इदवालचा जीव सुपाएवढा झाला.

"डावीकडे," इदवाल हळूच म्हणाला. "म्हण ना. डावीकडे."

गडी झेपावला. फ्रान्सवाला आडवा आला. ढीग झाला. मग संथ करून तेच, मागून, वरून, कोपऱ्यातून. ब्रोनवेनने सवयीने चेंडूपाशी चित्र थांबवलं.

"मला सांगा, हा हात चेंडूच्या खाली आहे का बाजूला?" डिल्विन पडद्यापाशी जाऊन बोटाने दाखवू लागला. "बाजूला! शेंबडं पोर सांगेल."

"खाली आहे," हेफिन म्हणाला. "आणि प्रश्नच मुळात असा होता की ट्राय आहे की नाही. ट्राय न द्यायला काही कारण आहे का, असं विचारलं असतं तर मिळाला असता."

"म्हणजे प्रश्न चुकला म्हणून आपण हरलो?"

"मी म्हणतो, दिसत नाही ते नाही."

"बरं बरं, शिट्टी. ट्राय म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

हात वर झाले. इदवालचाही झाला. तेवढ्यात दार उघडून नेरिस आत आली आणि खुंटीवरचा गेथिनचा कोट हातावर घेऊन तिथंच उभी राहिली. ब्रोनवेनने चित्र पुढे सोडलं, कारण यापुढे गंमत असायची. ट्राय नाही असं जाहीर झाल्यावर गेथिन उठतो, दोन पावलं डुलतो, आणि सरळ फ्रान्सच्या गड्यांमध्ये जाऊन उभा राहतो. त्यांच्या बाजूने तोंड करून. एक फ्रेंच त्याचे खांदे धरून त्याला परत फिरवतो. या जागी क्लब हमखास हसायचा. "रागावून फ्रान्सकडून खेळायला निघाला होता लेकाचा," हे डिल्विनचं ठरलेलं वाक्य. आजही त्याने ते म्हटलं, आणि आजही हसले.

"त्याला लागलंय," गेथिन म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. कितीतरी महिन्यांत इतकं सबंध वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं. इदवालचा हात तसाच वर राहिला.

"काय म्हणालास, राजा?"

"त्या पोराला लागलंय. डोक्याला. गुडघा बसला त्याच्या डोक्यात." गेथिन उठून उभा राहिला. "त्याला कळत नाहीये कुठं जायचं ते. सगळे बघताहेत नुसते. बाहेर काढा ना त्याला."

ब्रोनवेनला काय वाटलं कोण जाणे, तिने चित्र मागे नेलं. चेंडू सोडून वर पाहिलं तर ते तिथंच होतं, भल्यामोठ्या पडद्यावर, उघड. फ्रेंच गड्याचा गुडघा, आणि त्यावर आपटून वळलेली मान. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून माणसं हा क्षण बघत आली होती. चेंडूखालचा हात, हाताखालचं गवत, रेषेचा चुना, सगळं त्यांना पाठ होतं. गुडघा कुणीच पाहिला नव्हता. हेफिन शिट्टीनेसुद्धा नाही. त्याने चष्मा काढला आणि तो पुसत बसला.

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. डिल्विन पडद्यासमोरून बाजूला झाला.

"गेथिन, बस," इदवाल म्हणाला. "बस, बाळा."

गेथिन बसला नाही. त्याने इदवालकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं, पण ओळख नव्हती त्या नजरेत. रस्त्यावर भेटलेल्या भल्या माणसाला विचारावं तसं त्याने विचारलं, "कुणाचा पोरगा आहे तो?"

सगळा क्लब जमिनीकडे बघत होता. एकटी नेरिस इदवालकडे बघत होती.

"माझा," इदवाल म्हणाला.

"तुमचा?" गेथिनला ते खरं वाटेना. मग तो चिडला, खोऱ्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने चिडावं तसा. "मग घेऊन जा की त्याला घरी. असा कसा उभा ठेवलाय?"

इदवालने मान डोलावली. खुर्चीच्या पाठीला धरून तो उठला, दारापाशी गेला आणि नेरिसच्या हातातला कोट त्याने घेतला. तिने तो सोडला, पण लगेच नाही.

"मला त्या दिवशी..." त्याने सुरुवात केली.

"माहितीये, बाबा," नेरिस म्हणाली. "मी होते तिथं."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. इदवालने डोळे पुसले.

"पुढच्या शनिवारी आणू नकोस त्याला," तो म्हणाला. "मीच येईन घरी. चालेल का?"

"या," ती म्हणाली.

मग त्याने मुलाला कोट चढवला. एक हात बाहीत घातला, मग दुसरा. शाळेत पाठवताना घालायचा तसा. बटणं लावता लावता बोटं चुकली, एक बटण खाली-वर झालं, आणि ते पुन्हा काढून नीट लावायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. मागे ब्रोनवेनने पडदा बंद केला.

"कुठं चाललोय आपण?" गेथिनने विचारलं.

"घरी."

गेथिन दारातच थबकला. मान वळवून त्याने अंधारलेल्या पडद्याकडे पाहिलं. "आणि तो पोरगा?"

"त्यालाही घेतलंय बरोबर," इदवाल म्हणाला आणि त्याचा दंड धरून त्याला पायरी उतरवू लागला.