शहात्तर सालचा तारा

आपण काय करून बसलोय ते धोंडीरामला कळलं नाताळच्या नऊ दिवस आधी, सकाळी आठच्या सुमाराला, मिशन दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात.

पूर्वेच्या खिडकीला त्यानं सहा काचेचे तारे टांगले होते. मिलमधून आणलेल्या सुतानं, एकेक गाठ नीट आवळून. मग तो स्टुलावरून उतरला आणि बाजूला होऊन उन्हाची वाट बघत उभा राहिला. ऊन आलं. खिडकीतून आत शिरलं, ताऱ्यांवर पडलं आणि तिथंच थांबलं. समोरची भिंत पांढरी ती पांढरीच राहिली.

"मामा, रंग कुटं हायत?" कोपऱ्यातल्या खाटेवरून विजयमालानं विचारलं. माढ्याकडची नऊ वर्षांची पोर. कंबरेपासून पायापर्यंत प्लास्टर. मागच्या नाताळला ती इथंच होती आणि मध्ये घरी जाऊन पुन्हा आली होती, त्यामुळं वॉर्डात तिचा शब्द चालायचा. नव्या पोरांना तिनं आठ दिवसांपासून सांगून ठेवलं होतं की भिंतीवर लाल, हिरवे, जांभळे कवडसे पडतात, वारा आला की पळतात, आणि जो सगळे मोजेल त्याला काशम्मा सिस्टर लिमलेटची गोळी देते.

"येत्याल की. ऊन कवळं हाय अजून."

"मागच्या बारीला याच उन्हात आलं होतं."

धोंडीरामनं एक तारा सुतावर जरा फिरवून बघितला. हे तारे त्याच्या बायकोचे, सोजरबाईचे. ती या वॉर्डात एकवीस वर्षं आया होती आणि दर नाताळला तीच ते या खिडकीला टांगायची. दवाखान्याच्या मोठ्या बाई, म्हणजे गोऱ्या मेट्रन, त्यांना त्यांची बहीण सातासमुद्रापलीकडून दर नाताळला दोन तारे पाठवायची. एक मेट्रनबाई ठेवायच्या आणि एक सोजरबाईच्या हातात द्यायच्या. साधी काच नाही, क्रिस्टल आहे, असं त्या सांगायच्या. ताऱ्याच्या पाठीवर बारीक आकड्यांत साल कोरलेलं असायचं. त्या सालचे तारे बनवून झाले की साचा मोडून टाकतात, पुन्हा तसा होत नाही. त्यांच्या देशात लोक असे तारे जमवतात, आणि ओळीनं सगळी सालं असली तर चांगले पैसे मोजतात. एकाहत्तरपासून शहात्तरपर्यंत सहा झाले. मार्चमध्ये मेट्रनबाई कायमच्या मायदेशी गेल्या. जाताना म्हणाल्या, "सोजर, हे तुझ्या म्हातारपणाला. घाईनं विकू नको."

सोजरबाईला मूलबाळ नव्हतं. म्हातारपणाचा विषय निघाला की नवराबायको दोघंही त्या बिस्किटाच्या डब्याकडं बघायचे. छपराचे पत्रे बदलायला एकदा धोंडीरामनं विकायची गोष्ट काढली, तर ती म्हणाली होती, "विकायचं तवा विकू. तवर पोरास्नी बघू द्या की."

आषाढात ती गेली. तीन दिवसांच्या तापात.

काशम्मा सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन आली, खिडकीपाशी थांबली. एक तारा तिनं बोटांत धरला, उजेडाकडं नेला, नखानं खरवडून बघितला.

"मामा, हे कशानं घासलं?"

"चिंच लावली, मग विटकरीची भुकटी. काथ्यानं. लई डाग होते."

काशम्मानं तारा हळूच सोडला.

यंदा घरात सण नव्हता. तरी घट बसायच्या आधी सोजरबाई घरातलं झाडून सगळं काढायची, म्हणून धोंडीरामनंही काढलं होतं. तांब्याची घागर, समई, देवाचे टाक, सगळं अंगणात मांडून चिंच आणि विटकरीनं लखलखीत केलं. शेवटी बिस्किटाचा डबा उघडला. तारे तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले होते, धुरकटलेले. जे देवाला चालतं ते यांना चालेल, एवढाच विचार त्यानं केला. दोन दोनदा घासले. पांढरट झाले ते त्याला स्वच्छ झाले असं वाटलं.

"सोजरबाई तर रिठ्याच्या पाण्यात रातभर बुडवून ठेवायच्या," काशम्मा म्हणाली. "हात पण लावायच्या नाहीत. फडक्यावर काढून ठेवायच्या, बस्स."

डब्यात रिठ्याची पुरचुंडी होती. ती केसांना असेल म्हणून धोंडीरामनं शेजारच्या म्हाळसाबाईला देऊन टाकली होती. सव्वीस वर्षं एका घरात राहून ही काय कशानं धुते ते आपण कधी बघितलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. मिलची पाळी, झोप, जेवण, पुन्हा पाळी.

"चरे निघतायत का बघा कुठं," काशम्मा म्हणाली. "सात रस्त्याला चष्मेवाला रेवणप्पा आहे. काच घासतो तो. आमच्या डॉक्टरांच्या भिंगाचा चरा त्यानंच काढला."

रविवारी पाळी नव्हती. धोंडीराम डबा घेऊन सात रस्त्याला गेला. रेवणप्पाचं दुकान म्हणजे दोन माणसांची जागा. एका बाजूला काउंटर, दुसऱ्या बाजूला पायानं फिरवायचं चाक. रेवणप्पाच्या कपाळावर विभूती, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा.

"दुसऱ्यांचे चष्मे नवे, आन् मालकाचा दोरीचा?" बाकावर बसता बसता धोंडीराम म्हणाला.

"माझं गिऱ्हाईक मीच. पैसे कोण देणार?" रेवणप्पानं तारे एकेक करून फडक्यावर मांडले. भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावला. "अय्यो शिवा! कुणी केलं हे?"

"मीच."

"पितळ समजलास काय रे?"

"देवाचे टाक घासले, त्यांच्याबरोबर घासलं."

"देव मुका असतो म्हणून सोसतो." मग धोंडीरामचा चेहरा बघून त्यानं आवाज उतरवला. "चरे खोल नाहीत. नमद्याच्या, जाड लोकरीच्या चाकावर लाल भुकटी लावून घासले की जातील. पुन्हा पाण्यासारखी होईल काच. पण एक हाय बघ." त्यानं एक तारा उलटा केला. "हे साल. फार वरवर कोरलंय. पाठ घासली की आकडा जाणार."

"पाठ सोडून घासा की."

"पाठीवरच तर चरे जास्त. उजेड पुढून आत जातो, पाठीवरून फिरतो, तवा रंग पडतो. पाठ आंधळी राहिली तर पुढचं घासून उपयोग काय?"

बाहेर टांगेवाला कुणाला तरी शिव्या घालत होता.

"मुंबईचा एक पारशी येतो माझ्याकडं," रेवणप्पा म्हणाला. "फ्रेमी विकतो, आन् असली काच गोळा करतो. चांगल्या असत्या तर सहाचे हजार दिले असते त्यानं. आज हायत तशा, चऱ्यांसकट, चारशे देईल. का? तर साल हाय, ओळीनं हाय. एकदा साल पुसलं की त्याच्या लेखी ही नुसती काच. मग चार आणे पण न्हाय. सुट्ट्या एकालाही तो विचारत न्हाय, त्याला ओळच लागती."

"म्हंजे किंमत आकड्याची हाय."

"व्हय. काचेची न्हाय."

धोंडीरामनं एक तारा हातात घेतला. दोन वर्षांनी मिल त्याला घरी बसवणार होती. चारशे म्हणजे त्याच्या दीड महिन्याच्या पगाराच्या वर. पत्रे झाले असते, वर थोडे उरले असते. आणि पोटचं कुणी नव्हतं, तेव्हा उरलेलं लागणार होतं. त्यानं सगळं सरळ मनात मांडलं, जसं ते होतं तसं. मग त्याला विजयमालाची खाट दिसली. पोरगी रोज सकाळी मान वाकडी करून भिंतीकडं बघत असणार आणि नव्या पोरांपुढं खोटी पडत असणार.

"रेवणप्पा, तिला वाचता येत न्हवतं," तो म्हणाला.

"कुणाला?"

"माज्या मालकिणीला. हे आकडे तिला नुसते रेघोट्या. सहा वर्षं तिनं हे जपलं ते काय साल बघून न्हाय."

"मग?"

"घासा."

रेवणप्पानं पुन्हा एकदा विचारलं, "पारशी पुढच्या आठवड्यात येतोय. मागून मला बोल लावू नको."

"न्हाय लावत."

चाक फिरायला लागलं. लाल पाणी उडू लागलं. एकाहत्तर गेलं. त्र्याहत्तर गेलं. एकेका ताऱ्याला अर्धा तास लागत होता. रेवणप्पा मध्ये चहा मागवायचा, गिऱ्हाईकाला नाकावर फ्रेम चढवून आरसा दाखवायचा, पुन्हा चाकावर बसायचा. धोंडीराम घासलेला तारा फडक्यानं पुसून उन्हात धरायचा. दुकानाच्या फळीवर छोटासा लाल ठिपका पडायचा, त्याला चिकटून हिरवा.

पाच झाले. सहाव्यासाठी रेवणप्पानं हात पुढं केला.

तारा धोंडीरामच्या मुठीत होता. त्याच्या अंगठ्याला पाठीवरचा आकडा लागत होता. मिलच्या बिल्ल्यावरचे आकडे वाचता वाचता तो एवढं शिकला होता. सात आणि सहा. त्या नाताळला ती होती. स्टुलावर चढून हा तारा तिनं बांधला होता, आणि खाली उतरताना, "अवो, धरा की जरा," असं ती म्हणाली होती, कारण त्या दिवशी तो तिला घ्यायला आला होता. तिला साल वाचता येत नव्हतं. त्याला येत होतं.

"दे की," रेवणप्पा म्हणाला.

"ह्यो ऱ्हाऊ द्या आज."

"अरे, एकट्याचा पारशी पैसा देणार न्हाय. सांगितलं ना?"

"ठाव हाय. इकायचा न्हाय."

रेवणप्पानं त्याच्याकडं बघितलं, चष्मा कपाळावर सारला आणि हात धुवायला उठला. मजुरीचं विचारलं तेव्हा म्हणाला, "सहा झाल्यावर घेईन एकदम."

मंगळवारी सकाळी रातपाळी सुटल्यावर धोंडीराम तसाच वॉर्डात गेला. पाच तारे बांधले. आठ वाजून गेले तसं ऊन आलं, आणि या वेळी थांबलं नाही. भिंतीवर, छतावर, सलाइनच्या बाटलीवर, काशम्माच्या टोपीवर रंग पडले. पोरं ओरडायला लागली. विजयमाला सगळ्यांवर डाफरली, "गप बसा! मोजू द्या!" ती बोटं दुमडत मोजत राहिली. मग तिनं खिडकीकडं बघितलं.

"मामा, पाचच हायत. सहावा कुटाय?"

धोंडीरामचा हात खिशात गेला. "हाय की. त्याचं काम व्हायचंय."

"नाताळपर्यंत हुईल?"

"बघू."

नाताळ झाला. जानेवारीत गड्ड्याची जत्रा आली आणि गेली. मुंबईचा पारशी येऊन गेला. विजयमालाचं प्लास्टर काढलं आणि ती माढ्याला गेली. धोंडीराम सात रस्त्यावरून जातो तेव्हा रेवणप्पा आतूनच चाकाकडं बोट दाखवतो, आणि धोंडीराम मान हलवून पुढं जातो. तारा बिस्किटाच्या डब्यात, लुगड्याच्या तुकड्यात आहे. शेजारी रिठ्याची नवी पुरचुंडी आहे.

शहात्तर सालचा तारा अजून घासून घ्यायचा राहिला आहे.