मशीनचा दसरा

आमच्या घरी इन्व्हर्टर आला तेव्हा अख्ख्या आमगावात चार-पाचच असतील. लोकांना वाटलं, उदेलालचं, म्हणजे आमच्या बाबूजींचं, बरं चाललंय. पण त्या इन्व्हर्टरवर घरातला एक पंखा कधी फिरला नाही. भारनियमनात आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो आणि समोरच्या खोलीत गोटीवाली मशीन मजेत चालू असायची. मला तिचा मनापासून राग यायचा.

बाबूजींनी ती १९९९ साली नागपूरहून आणली, जुनीच. त्याच खोलीत आमचं तेव्हा व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पोरं मारामारीच्या गेमवर तुटून पडत, हिच्याकडे कोणी फिरकत नसे. हिला दांडा नाही, बटण नाही, नुसता एक गुळगुळीत गोळा. तो तळहाताने फिरवायचा, की पडद्यावरची निळी गोटी उतारावरून घरंगळायची. जोर जरा जास्त झाला की कडेवरून खाली. वरून वेळ संपत यायची ती वेगळीच. ही गोटी शेवटपर्यंत नेली ती एकट्या माझ्या मोठ्या भावाने, उमेंद्रदादाने. पहिला नंबर आला की मशीन नाव विचारते आणि तेही गोळा फिरवूनच लिहायचं असतं, इंग्रजी तीन अक्षरांत. दादाने लिहिलं, यू एम ई.

दुसऱ्याच दिवशी तो तापाने पडला. काविळीचा ताप होता. दवाखान्यात नेताना म्हणाला, "आल्यावर आधी नाव पायतो." वीज गेली की ही मशीन सगळं विसरते, म्हणून बाबूजींनी त्याच दिवशी इन्व्हर्टर आणला. दादा परत आलाच नाही. नाव मात्र राहिलं.

पुढे दुकानात मोबाईल रिचार्ज आलं, बाकीच्या मशिनी भंगारात गेल्या. ही कोपऱ्यात चालूच. बाबूजी रोज सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसायचे. खेळायचे नाहीत, नुसते बघायचे. मी जिवंत मुलगा काउंटरवर बसलेला असायचो, माझ्याकडे लक्ष नसायचं.

२००९ च्या वैशाखात माझं लग्न झालं. रविता सालेकसाची, तिच्या वडिलांची राईस मिल. मशीन बंद करायची नाही, एवढं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. का, ते कोणी सांगितलं नाही. आमच्या घरात दादाचं नाव तोंडातून निघतच नव्हतं. सासरे आपल्याशी कामापुरतंच बोलतात, हे तिला फार लागायचं.

दसऱ्याला बाबूजी सकाळीच गोंदियाला गेले, इन्व्हर्टरची नवी बॅटरी आणायला. माय देवळात, मी बाजारात. रविताने मशीनचा प्लग काढला, ओल्या फडक्याने ती स्वच्छ पुसली, हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. दोन-तीन तास आराम दिला आणि मग पुन्हा चालू केली.

बॅटरी उचलून बाबूजी दारात आले तेव्हा ती आनंदाने पुढे झाली.

"बाबूजी, आमच्या मिलमंदी बाराही महिने पट्टा थांबत नाही. पण दसऱ्याले समद्या मशिनी बंद राहतेत. आराम देतेत त्यायले. म्हणून मीच पूजा करून घेतली."

बाबूजींनी पडद्याकडे पाहिलं. यू एम ईच्या जागी कारखान्यातून आलेली परकी अक्षरं होती. त्यांनी बॅटरी हळूच खाली ठेवली.

"पुसून घेतली काय?"

"हो, बाबूजी."

"चांगली पुसली," ते म्हणाले आणि आत गेले. त्या वर्षी त्यांनी कोणालाच सोनं दिलं नाही.

मी रविताला सगळं सांगितलं. ती रडली नाही. दुपारी दुकान रिकामं झालं की मशीनसमोर उभी राहायला लागली. गोटी पहिल्याच उतारावरून पडायची. तळहाताला फोड आले, फुटले.

"कायले हात सोलून राहिली, बाई?" माय म्हणायची.

"जेठजीचं नाव परत आणाचं हाये."

मला तिची कीव यायची आणि तिच्यावर जीवही जडायचा. शेवटी पौषात एका दुपारी तिने ओरडून सगळ्यांना बोलावलं. गोटी शेवटपर्यंत गेली होती. मशीन नाव विचारत होती, वेळ कमी होत होती.

"बाबूजी, तुमीच लिवा."

बाबूजींनी पहिल्यांदाच त्या गोळ्यावर हात ठेवला. अक्षरं सरकायला लागली. यू आला. मग त्यांनी हात काढून घेतला.

"हे तुयं हाये, बाई. त्याचं त्याच्या हातचं होतं."

वेळ संपली. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"आता इन्व्हर्टरवर पंखा लावून घ्या," ते म्हणाले.

कडाक्याची थंडी होती, आम्ही सगळे स्वेटरात. माय दारातच खाली बसून रडायला लागली. दादा गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.