टेसाच्या बाबांचा पिकअप

मित्रांनो, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, वेल्टी गावाबाहेर, प्रोकोपांच्या मक्याच्या शेताला लागून जो हिरवा पिकअप ट्रक उभा दिसतो, तो मी. हिरवा म्हणायचं ते मूळ रंगाच्या मानासाठी. आता माझ्यावर रंगापेक्षा गंजच जास्त आहे.

अर्विन प्रोकोप यांनी मला कोरा करकरीत विकत घेतलं. मी त्यांचं बियाणं वाहिलं, डुकरं वाहिली, एकदा तर चर्चचा पियानोही वाहिला. अर्विन माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "हा माझा दुसरा मुलगा. पहिल्यापेक्षा लवकर उठतो." पहिला मुलगा म्हणजे ड्वेन. म्हातारपणी त्यांनी माझी किल्ली त्याच्याच हाती दिली.

ड्वेन गावाजवळच्या मांसाच्या कारखान्यात कामाला होता. मार्ला हावलिकशी त्याचं प्रेम माझ्याच पुढच्या सीटवर जमलं आणि तिथेच मोडलं. लग्न झालेलं नव्हतं. मार्ला बहिणीकडे राहायला गेली आणि तिथे टेसा जन्मली.

कारखान्यातले सोबती ड्वेनला डिवचायचे. "पोरगी तुझीच कशावरून रे?" तो हसण्यावारी न्यायचा, पण घरी येताना रेडिओसुद्धा लावायचा नाही. मार्लानं बाळाच्या खर्चाचा विषय काढला, तेव्हा त्यानं तोच प्रश्न तिच्या तोंडावर विचारला. ती भांडली नाही. माझं दार लावत म्हणाली, "ठीक आहे. आता काउंटीलाच ठरवू दे."

आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत पोटगीचा विभाग आहे. मूल कुणाचं हे सिद्ध करायचं, त्याच्या खर्चाचा वाटा न्यायाधीशांकडून ठरवून घ्यायचा, आणि तो वाटा मुलापर्यंत पोचतो ना हे बघायचं, हे त्या विभागाचं काम. तिथे ड्वेनच्या आणि टेसाच्या गालांच्या आतून कापूस फिरवून डीएनए तपासणी झाली. निकालाच्या दिवशी ड्वेन कचेरीतून आला, माझ्यात बसला आणि त्यानं बराच वेळ किल्ली फिरवलीच नाही. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून पुटपुटला, "माझी आहे. अरे, माझीच आहे ती."

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत गोड. पोटगी पगारातून परस्पर कापली जायची, टेसाचा आरोग्यविमाही ड्वेनच्या नोकरीतूनच असायचा. त्यामुळे त्या दोघांना पैशांवरून तोंड वाजवायची वेळच यायची नाही. दर शनिवारी टेसा माझ्यात बसायची. बेकरीतला कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, खाऊन चिकट हात माझ्या सीटला पुसायची. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही.

मग कारखाना बंद पडला.

ड्वेनला मिळतील ती फुटकळ कामं तो करू लागला. पोटगी थकली. टेसाचा विमा गेला. कचेरीतून पत्रं येऊ लागली, तर तो ती न उघडताच माझ्या सीटमागे टाकायचा. पाकीट उघडलं नाही तर बाकी वाढत नाही, असं त्याला बहुधा वाटत असावं. एका शनिवारी तो निघाला, मार्लाच्या गल्लीच्या तोंडाशी पोचला आणि तिथूनच मागे वळला. "रिकाम्या हातानं काय तोंड दाखवू?" तो स्वतःशीच म्हणाला. पुढच्या शनिवारी तर तो निघालाच नाही.

शेवटी शेरीफच्या पोलिसानं रस्त्यात अडवून सांगितलं, की पोटगी थकल्यामुळे ड्वेनचं लायसन्स बंद झालं आहे. त्या दिवसापासून मी कोठारामागे उभा राहिलो. चाकांभोवती गवत वाढलं. उंदरांनी सीट कुरतडून आत संसार थाटला. मित्रांनो, ओझं वाहताना माझी स्प्रिंग कितीदा दुखली असेल, पण त्या उभं राहण्याइतकं काहीच दुखलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात एके सकाळी मार्लाच आली. बहीण तिला फाटकाशी सोडून गेली होती. ड्वेन माझ्या मागच्या फळीवर बसला होता.

"टेसाला फळा दिसत नाही," ती म्हणाली. "बाईंनी पहिल्या रांगेत बसवलंय, तरी दिसत नाही. डॉक्टर, चष्मा, सगळं माझ्या एकटीच्या पगारात बसत नाही, ड्वेन."

"माझ्याकडे काही नाही, मार्ला."

"ते मला ठाऊक आहे. काउंटीला ठाऊक नाही! तुझी नोकरी गेली हे तू त्यांना कळवलंस का? तिथल्या बर्निसबाई म्हणाल्या, त्यानं येऊन सांगितलं तर हप्ता कमी करून मागता येतो."

"मग तुला कमी मिळतील."

"आत्ता काय मिळतंय? काहीच नाही. त्याहून कमी कसं मिळेल, सांग ना!"

ड्वेन मान खाली घालून म्हणाला, "ते मला तुरुंगात टाकतील. आणि जायचं तरी कशातून?"

"यातूनच. लायसन्स तुझं गेलंय, माझं नाही."

अर्विन हवेचा पंप आणि बॅटरीच्या तारा घेऊन आले. मी खोकलो, धूर ओकलो आणि चालू झालो. उंदीर शेताकडे पळाले. मार्ला गाडी चालवत होती, आणि ड्वेन शाळेतल्या पोरासारखा शेजारी अंग चोरून बसला होता.

कचेरीसमोर मात्र तो उतरेना. मार्ला एकटीच आत गेली आणि एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईंना घेऊन आली. त्यांच्या हातात अर्धं खाल्लेलं सँडविच होतं. त्यांनी माझ्या खिडकीच्या काचेवर टकटक केलं.

"ड्वेन, मी बर्निस लिंडक्विस्ट. पत्रांखाली जिची सही असते ना, ती. अर्थात तू ती वाचली असशील तर."

"तुम्ही मला गुन्हेगार समजत असाल, बाई."

"मी तुला टेसाचा बाप समजते. तेही तपासणी करून सिद्ध झालेला!" त्या हसल्या. मग हलकेच म्हणाल्या, "हे बघ बाळा, जुनी बाकी पुसली जाणार नाही, खोटं कशाला सांगू? पण पुढचा हप्ता तुला झेपेल असा करून मागू. कामही शोधू. मात्र मला जे कळतच नाही, त्यावर मी काय करणार? उतर आता. माझं जेवण गार होतंय."

"सँडविच गारच असतं," ड्वेन म्हणाला.

"तेवढं कळतं ना? मग उतर."

तो उतरला.

न्यायाधीशांनी हप्ता कमी केला आणि जुनी बाकी थोडी थोडी फेडायला सांगितली. त्या अटीवर ड्वेनला लायसन्स परत मिळालं, आणि कचेरीच्याच ओळखीनं टायरच्या दुकानात काम लागलं. टेसाला चष्मा आला.

पहिल्या शनिवारी टेसा माझ्याजवळ आली, पण चढली नाही. रस्त्यावरूनच तिनं विचारलं, "बाबा, तुमचे पैसे पुन्हा संपले तर तुम्ही पुन्हा येणार नाही का?"

ड्वेननं तिच्या बाजूचं दार आतून उघडलं. "येईन," तो म्हणाला. "संपले, हे सांगायला येईन."

टेसानं चष्मा नाकावर नीट बसवला, थोडा विचार केला आणि चढून माझ्या सीटवर बसली.

मित्रांनो, आता माझे फार दिवस उरलेले नाहीत. भंगारवाला मला दोनदा बघून गेला आहे. जाण्याआधी एवढंच सांगतो. तुमचे आईबाबा वेगवेगळ्या घरांत राहत असतील, तर तुमच्या जेवणाचा, वह्यांचा, चष्म्याचा खर्च म्हणजे कुणी केलेले उपकार नव्हेत. तो तुमचा हक्क आहे, आणि तो मिळवून द्यायला माणसं बसलेली आहेत. आणि मोठेपणी कधी तुमचे हात रिकामे झाले, तर लपून बसू नका. रिकामेच घेऊन या. दार उघडणारं मूल आधी हातांकडे बघत नाही, कोण आलंय ते बघतं.