मागच्या आसाचं वजन

"किती भरलं?" डॅडने पिकअपच्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

मी गव्हाच्या कोठारावर कामाला आहे, वजनकाट्याच्या खोलीत होते. जुलैची अखेर, सुगीला अजून दोन आठवडे अवकाश, म्हणून काटा मोकळाच होता. बॉइसीला आत्याकडे निघताना इकडून जा, एकदा वजन करू, असं मीच त्याला सांगितलं होतं. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण पिकअप, मग मागची घरगाडी. कागदावर वजाबाकी केली आणि पिकअपच्या मागच्या आसावर, म्हणजे मागच्या चाकांवर, सहा हजार आठशे चाळीस पौंड निघाले. त्या आसाची मर्यादा सहा हजार शंभर होती. ती दाराच्या चौकटीवर, कंपनीने चिकटवलेल्या कागदावर लिहिलेली असते.

मी पुन्हा वजाबाकी केली. तेच आलं.

ही घरगाडी मागच्या हुकाला अडकवून ओढायची नसते. तिची मान पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, येऊन बसते. पिकअप तिला ओढते आणि तिचं पाचव्या हिश्शाचं वजन पाठीवर उचलूनही नेते. विकणाऱ्याने डॅडला सांगितलं होतं की ही पिकअप सोळा हजार पौंड ओढते. ते खरंच होतं. उचलते किती, हे त्याने सांगितलं नाही आणि डॅडने विचारलं नाही. माहितीपत्रकातलं वजनसुद्धा रिकाम्या घरगाडीचं होतं. त्यात टाकीतलं पाणी नव्हतं, गॅसच्या टाक्या नव्हत्या, आईची बिडाची भांडी नव्हती. ती भांडी डॅड आत्याला द्यायला घेऊन चालला होता.

एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. रोज सकाळी बसभोवती एक फेरी मारून प्रत्येक टायरवर लाकडी दांडका हाणायचा आणि आवाज ऐकायचा. त्या दिवशीही त्याने तसंच केलं. टायरांचा आवाज चांगला होता.

आणि पिकअप अगदी सपाट उभी होती. मे महिन्यात घरगाडी पहिल्यांदा जोडली तेव्हा मागचा भाग इतका दबला की पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागले. शेजारच्या ओरिन लुंडेंनी मागच्या स्प्रिंगांमध्ये हवेचे फुगे बसवून दिले. आमच्याकडे सगळे तसंच करतात. फुग्यांत हवा भरली की मागचा भाग वर येतो, गाडी सरळ दिसते आणि बघणाऱ्याचं समाधान होतं. आसावर आणि टायरवर वजन तेवढंच राहतं.

निरोप द्यायला ओरिनही काट्यावर आले होते. एका हाताने टोपी मागे सारत ते म्हणाले, "हौद्यात अंडं ठेव, डेलबर्ट. बॉइसीपर्यंत हलायचं नाही."

"तुझ्या कोंबडीचं नको," डॅड म्हणाला. "ते वाटेतच नासेल."

दोघे हसले. मग डॅडने माझ्याकडे बघितलं.

मे महिन्यात मी एकदा बोलले होते. ही पिकअप या घरगाडीला पुरायची नाही, आणखी मोठी हवी, असं म्हटलं होतं. त्यानंतर आठवडाभर तो पडदे ओढून खुर्चीत बसून राहिला. आई गेल्यानंतरची दोन वर्षं मी त्याला नाहीच म्हणत आले होते. शिडीवर चढू नको, मीठ घेऊ नको, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवू नको. नाही म्हणून मी थकले होते. याहून खरं एक आहे, तेही लिहिते. तो जावा असं मला वाटत होतं. सकाळी सातला त्याच्या खिडकीचा पडदा उघडला का, हे बघावं लागू नये, असे दोन आठवडे मला हवे होते.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नीघ, डॅड. ऊन चढायच्या आत घाट उतर."

तो निघाला. समोरच्या उभ्या गव्हातून रस्ता दक्षिणेला जातो. घरगाडीची पांढरी पाठ बराच वेळ दिसत होती. वारा पडला होता. ओरिन म्हणाले की काय डौलात चालली आहे. मी हातातल्या कागदाची चौकोनी घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक.

अकरा वाजून वीस मिनिटांनी शेरीफचा माणूस आला. लहानपणी तोही डॅडच्या बसमधून शाळेत गेलेला. टोपी काढून दारातच उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. व्हाइट बर्ड घाटाचा उतार सात मैलांचा आहे. तिसऱ्या वळणावर मागचं डावं टायर फुटलं. समोरून गाड्या येत होत्या, पण डॅडने पिकअप पलीकडे जाऊ दिली नाही, खडकावर आदळेपर्यंत डोंगराच्या अंगाला दाबून ठेवली. दुसऱ्या कोणाला खरचटलंसुद्धा नाही. हे शेरीफच्या माणसाने मला दोनदा सांगितलं.

दफनाला सगळं गाव लोटलं. एकतीस वर्षांतली पोरं, आता त्यांना पोरं झालेली. ओरिन शेवटच्या रांगेत बसले आणि जेवायला थांबले नाहीत. पुढच्या आठवड्यात कळलं की त्यांनी आपल्या दुरुस्तीच्या शेडला कुलूप लावलंय आणि कोणाच्या गाडीला हात लावत नाहीत. मी गेले नाही. सुगी सुरू झाली होती. दिवसभर ट्रक काट्यावर येत होते, मी आकडे वाचून दाखवत होते, आणि कोणी "किती भरलं?" विचारलं की उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ओरिननीच मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात टेबलावर कॉफी होती आणि रेघांच्या कागदावर लिहिलेलं एक पत्र. माझ्या आत्याला लिहिलेलं. ओरिन खूप बारीक झाले होते. दाढी करताना गालावर दोन ठिकाणी कापलं होतं.

"तू शिकलेली आहेस, रो," ते म्हणाले. "एकदा नजर घाल. उद्या टाकतो पोस्टात."

मी वाचलं. आपण डेलबर्टला तीस वर्षं ओळखत होतो, असं लिहिलं होतं. ते फुगे आपण बसवले नसते, तर मागचा भाग दबलेला दिसला असता आणि त्याला शंका आली असती. आपण त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. क्षमा मागत नाही, फक्त कोणाच्या हातून झालं हे त्याच्या बहिणीला माहीत असावं.

"चुका फार आहेत का?" त्यांनी विचारलं.

शब्द सगळे बरोबर होते. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला.

"हे पाठवू नका, ओरिन," मी म्हटलं. "सातशे चाळीस पौंड जास्त होतं. मी दोनदा मोजलं. डॅडने मला विचारलं, आणि मला माहीत असून मी ठीक आहे म्हणाले."