आत्याच्या नावाचा पत्ता

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी नको, तिथे अर्धे शब्द वाऱ्यावर जातील. एक गोष्ट सांगते. साधीच आहे, बूट शिवणाऱ्या एका घराची, आणि अगदी हल्लीची. पण ऐकून घरी गेल्यावर कुणाला तरी हाक मारावीशी वाटली, तर ती पोचली म्हणेन.

या घरात दुकानात मिळतात तसले बूट होत नसत. कुणाचा एक पाय दुसऱ्याहून आखूड, कुणाची टाच वाकडी पडते, कुणाचा अंगठा अपघातात गेलेला, असे लोक इथे येत. मागच्या खोलीत भिंतभर लाकडी फर्मे टांगलेले, एकेका गिऱ्हाइकाच्या पायाची हुबेहूब नक्कल. पुढच्या खोलीत लांब टेबल. त्याच्याशी पाय मोजून फर्मे तासणारा दादा, तळ चिकटवणारे काका, आणि पत्रव्यवहार सांभाळणारी दादाची बहीण, जिला सगळे धाकटी म्हणत. खिडकीशी बसे ती या बहीणभावांची आत्या.

एके काळी कातडं कापावं तर आत्यानेच. आता नजर पार अधू झाली होती. समोर माणूस आहे एवढं दिसे, कोण ते आवाजावरून कळे. ती नाड्या ओवी आणि तयार बुटात हात घालून शिवण कुठे टोचते का ते चाचपी.

या घराची एक रीत होती. सकाळी काम सुरू झालं की सगळ्यांचे हात तळ चिकटवायच्या सोल्यूशनने बरबटलेले, त्यामुळे आलेले ईमेल धाकटी मोठ्याने वाचून दाखवी. अमक्याला टाच सैल होते, तमक्याला नवा जोड हवा. ऐकता ऐकता कामं वाटली जात. आणि मधेच एखादं पत्र बुटाचं नसेच. टेकडीवरच्या शाळेतल्या मास्तरीणबाई लिहीत, "आज मुलांबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेले. परत येताना तेच दमले." मग आत्या नाडी खाली ठेवी. "लिही गं, पुढच्या खेपेला ओढा ओलांडा म्हणावं, पण बूट हातात घेऊन. भिजवलेत तर माझ्याशी गाठ आहे." टेबलाशी खसखस पिके. सकाळचं हे वाचन ऐकायला म्हणून आत्या काठी टेकत, दोन गल्ल्या ओलांडून रोज येई. नाड्या काय, कुणीही ओवल्या असत्या.

मग एका मोठ्या इस्पितळाच्या हाडांच्या विभागाकडून विचारणा आली. कायमचं काम मिळण्याजोगं होतं. मात्र तिथल्या बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं: रुग्णांची माहिती आम्ही फुकटच्या ईमेलवर पाठवत नाही. तुमच्या संस्थेचा स्वतःचा पत्ता कळवा.

धाकटीने समोरच्या गाळ्यातल्या संगणक दुरुस्त करणाऱ्याला गाठलं. गळ्यात कायम एक ना एक वायर, म्हणून सगळे त्याला वायरबुवा म्हणत.

"आजवर तुम्ही दुसऱ्याच्या घरी पत्रं मागवत होतात," तो खुर्ची ओढत म्हणाला. "आता स्वतःच्या दारावर पाटी लावू. आधी डोमेन घ्यायचं, म्हणजे कारखान्याचं नाव. प्रत्येकाच्या पत्त्याला शेपटी तीच. मग जगाला सांगायचं की या शेपटीचं टपाल कुठे टाकायचं. आणि तुमच्या नावाने पत्रं कोण पाठवू शकतं, तेही. नाहीतर इस्पितळवाले तुमचं पत्र उघडायच्या आधीच कचऱ्यात टाकतील."

"आणि हे लगेच होतं?"

"नोंद मी आत्ता करतो. जगभर बातमी पोचायला वेळ लागतो. लग्न ठरल्यासारखं आहे, लांबच्या नातेवाइकांना उशिरा कळतं."

मग त्याने विचारलं, "पत्ते कुणाकुणाचे?"

धाकटीने खोलीभर नजर फिरवली. तिच्यासमोर संगणक, दादाकडे मापांसाठी एक, काकांकडे मोबाइल. ज्याच्यापुढे पडदा त्याला पत्ता, असा हिशेब तिच्या मनात आपसूक झाला. "तीन," ती म्हणाली. खिडकीशी आत्या नाडी ओवत होती. तिने मान वर केली, मग पुन्हा नाडी ओवू लागली.

नवे पत्ते सुरू झाले. इस्पितळाचं काम मिळालं. खोक्यांवर कारखान्याच्या नावासकट नवी शेपटी छापली गेली. मापांचं टपाल दादाकडे, तळांचं काकांकडे, पैशांचं धाकटीकडे. जो तो आपापलं वाची आणि कामाला लागे. काम भराभर होऊ लागलं, हे धाकटीलाही कबूल होतं.

पहिल्याच आठवड्यात आत्याने विचारलं, "आज काहीच आलं नाही का गं?"

"आलं ना आत्या. ज्याचं त्याला गेलं."

"हो का," आत्या म्हणाली. "बरंय."

पुढे ती विचारीनाशी झाली. यायला उशीर करू लागली. एक दिवस म्हणाली, "नाड्या पाठवून देत जा घरी. तिथेही ओवीन. हल्ली चढ लागतो मला."

"चढ कुठाय वाटेत?" काका म्हणाले.

"तुम्हाला नाही दिसायचा," आत्या म्हणाली.

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. पण इस्पितळाची खोकी रवाना व्हायची होती, आणि तिने तो विषय उद्यावर ढकलला.

त्याच दुपारी फोन वाजला. धाकटीचे हात खोक्यांच्या चिकटपट्टीत अडकलेले, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला. मास्तरीणबाई होत्या, आणि त्यांचा आवाज दबका होता.

"एक विचारू का? रागावू नका. खोक्यावर तुमचा नवा पत्ता पाहिला. म्हटलं, आत्यांचाही असणारच. आत्यांचं नाव घातलं, पुढे तुमची शेपटी जोडली, आणि लिहिलं त्यांना. ते परत आलं. या नावाचं इथे कोणी नाही म्हणून. फोन करायचा धीर होईना. आत्या... आहेत ना हो?"

खोलीत दादाची कानस थांबली. काकांचा ब्रश हातातच राहिला. तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला.

"आहे हो बाई. मी कुठे जाते? पत्त्यावर नसेन, पण खुर्चीवर आहे."

पलीकडे मास्तरीणबाई हसता हसता रडू लागल्या. आत्या त्यांच्याशी ओढ्याचं बोलली, पायाचं बोलली. फोन ठेवल्यावर मात्र तिने काठी चाचपली आणि घरी निघाली. दादा सोडायला उठला, तर म्हणाली, "राहू दे. रस्ता ओळखतो मला."

धाकटी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. या नावाचं इथे कोणी नाही. हे वाक्य यंत्राने पाठवलं असेल, पण यंत्राला ते सांगितलं कुणी? तीन, असं आपणच तर म्हणालो. देवाने आपल्याला वाचायला डोळे दिले आणि आपण ते एकट्यापुरतेच वापरायला लागलो.

ती तशीच उठून वायरबुवाकडे गेली.

"एक पत्ता वाढवायचाय. आत्याच्या नावाचा."

"वाढवू की. पण वाचणार कोण?"

"ते आमचं आम्ही बघू. आणि एक सांग. कुणी चुकीचं नाव घालून लिहिलं, तर ते परत न जाता एका पेटीत येईल असं करता येतं?"

"येतं. जे कुणाच्याच नावावर बसत नाही ते सगळं एकीकडे. पण बाई, कचराही येईल त्यात."

"येऊ दे. आत्या निवडील."

दुसऱ्या दिवशी धाकटी स्वतः आत्याला आणायला गेली. चढ लागतो असं सांगून आत्याने एकदा नाही म्हणून पाहिलं. धाकटीने तिची चप्पल पायाशी सरकवली आणि नुसती उभी राहिली. शेवटी आत्या निघाली.

कारखान्यात वायरबुवा वायरीसकट हजर होता. "आत्या, पेटीला एक सांकेतिक शब्द लागतो. कानात सांगा. कुणाला कळता कामा नये."

आत्याने तो भर खोलीत खणखणीत सांगितला.

वायरबुवाने कपाळाला हात लावला. "अहो, गुप्त ठेवायचा असतो."

"आणि मी विसरले तर? एवढ्या जणांना सांगितला, कुणीतरी ठेवील लक्षात."

तो शब्द बदलावा लागला, हे वेगळं सांगायला नको.

वायरबुवाने आणखी एक युक्ती काढली. संगणकच आपला आपण पत्र वाचून दाखवेल, असं त्याने करून दिलं. मास्तरीणबाईंचं परत गेलेलं पत्र धाकटीने त्यांना पुन्हा पाठवायला सांगितलं होतं; यंत्राने ते घडाघडा वाचलं. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"शब्द स्पष्ट आहेत," ती म्हणाली. "पण हसायच्या जागी थांबत नाही रे हा. थांबल्याशिवाय ऐकणाऱ्याला आत शिरायला वाट कुठली?"

धाकटीने खुर्ची खिडकीशी ओढली आणि तेच पत्र पहिल्यापासून वाचायला घेतलं. मास्तरीणबाई ओढ्याच्या पलीकडे जाऊन आल्या होत्या. बूट हातात घेऊन गेल्या होत्या, आणि परतताना एक बूट पाण्यात पडला होता. इथे धाकटी थांबली.

"वाटलंच मला," आत्या म्हणाली आणि हसली. काकाही हसले, दादानेही कानस खाली ठेवली.

मग रोज सकाळची पहिली दहा-पंधरा मिनिटं पुन्हा वाचनाची झाली. इस्पितळाचं टपाल ज्याच्या त्याच्याकडेच जाई, ते तसंच राहिलं. उरलेलं सगळं आत्याच्या पेटीत आणि तिथून सगळ्यांच्या कानात. कचराही येई. कुणी परदेशातली इस्टेट आत्याच्या नावावर करायला निघालेला असे, आणि आत्या त्याच्या पायाचं माप विचारायला सांगे.

त्या पहिल्या सकाळी तिने नव्या पत्त्यावरून पहिलं उत्तर सांगितलं. धाकटी लिहायला बसली, तर आत्या एवढंच म्हणाली, "लिही, आहे. आणि बूट सावलीत वाळवा म्हणावं, विस्तवाशी नको."

तुम्हीही कधी आपल्या कामाच्या दारावर नवी पाटी लावाल. पत्ते मोजायला बसाल, पडद्यापुढची माणसं मोजून उठायला निघाल. तेव्हा क्षणभर थांबा आणि खिडकीशी नाडी ओवणाऱ्या या आत्याची आठवण ठेवा. तिने तेव्हा मान वर केली होती.