नऊ दिवसांचा ऋतू

सकाळचे ऊन आमच्या स्टुडिओत सरळ कधीच येत नाही. आधी ते समोरच्या शिंप्याच्या काचेवर पडते, तिथे क्षणभर ठरते, आणि मग रस्ता ओलांडून, एखाद्या सायकलवाल्याच्या पाठीवरून घसरत आमच्या उंबऱ्याशी येते. वाटेत त्यातली ऊब संपलेली असते. उरतो तो नुसता उजेड. प्रथम काउंटरची कड उजळते, जिथला रंग लोकांच्या कोपरांनी घासून गेला आहे. मग कात्री, मग डिंकाची बाटली, मग पासपोर्ट फोटोसाठीचे ते गोल स्टूल, ज्यावर बसताच भल्याभल्यांना आपला चेहरा कसा ठेवायचा ते आठवत नाही. स्टुलावरून ऊन मागच्या निळ्या पडद्यावर चढते. पडद्याच्या चुण्यांतून ते इतके सावकाश सरकते की पाहत राहावे तर हलत नाही, आणि नजर काढावी तर पुढे गेलेले असते. त्यात धूळ तरंगते, तिलाही कुठे जायची घाई नसते. पावणेनऊच्या सुमारास ते आतल्या भिंतीवर पोहोचते आणि तिथे टांगलेल्या तळ्यावर पडते.

तळे म्हणजे छायाचित्र. हात लावला तर ओरखडा उठेल असे वाटावे इतके निश्चल पाणी, त्यात उलटे उभे हिमशिखर, आणि दोहोंच्या मध्ये धुक्याची एकच बारीक रेघ. उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईत मामाची सही. रोज तेवढी पाच मिनिटे मी काम थांबवतो. लोकांना वाटते, मी चित्र पाहतो. मी सही पाहतो.

आई गेल्यावर मी मामाकडे आलो. स्टुडिओतले काम त्यानेच शिकवले आणि मला 'मुनी' हे नावही त्यानेच ठेवले, कारण गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचे तरी माझ्या घशाला कोरड पडे. ज्याला बोलता येत नाही तो लिहितो. अठराव्या वर्षी मी त्या तळ्यावरच्या मोजणीदाराला पत्र लिहिले. गाडीरस्ता संपल्यावर दीड दिवस चढून जावे लागणाऱ्या त्या तळ्याच्या काठी एक चौकी आहे, आणि तिथे राहून पाण्याची पातळी मोजणे एवढेच त्या माणसाचे काम. मी विचारले होते, तळे कधी पाहावे? माझ्यासारखाच एकांतातला जीव असावा. त्याने उत्तरादाखल आपल्या नोंदवहीची आख्खी पानेच नकलून पाठवली. पातळी, वारा, धुके. पुढची दोन वर्षे तो पाठवत राहिला आणि मी त्या आकड्यांवर वाकून बसत राहिलो.

बर्फ वितळते तेव्हा पाणी गढूळ असते. फुलांच्या दिवसांत वारा सूर्याच्या आधी उठतो. पावसात वाटच राहत नाही. पाऊस सरल्यावर मोठे फसवे दिवस येतात: खाली आभाळ निरभ्र, आणि वर तळ्यावर धुके असे बसलेले की स्वतःच्या बुटांचे टोक दिसू नये. मग एका रात्री पहिले कडक दहिवर पडते, दव गोठून गवत पांढरे होते, आणि त्यानंतरच्या चौथ्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत वारा नऊ वाजेपर्यंत जागा होत नाही. नऊ दिवस. त्यानंतर पाणी गोठते. हा ऋतू कुठल्याही पुस्तकात नाही. तो मी शोधला.

आठ वर्षांपूर्वी मामाला मी तिथे नेले ते याच दिवसांत. आदल्या संध्याकाळी ट्रायपॉड मी रोवला. कोन मी ठरवला. पहाटे बटण दाबायला एक बोट लागते. ते त्याचे होते. चित्र कॅलेंडरवर गेले, मासिकात गेले, आणि मामा गावात 'तळेवाले' झाला.

हे सगळे मी पोटात ठेवले असते. पण गेल्या वर्षी नव्या इस्पितळाने ते चित्र भिंतभर मोठे करून मागितले. तीन पट्ट्यांत त्याची प्रत मी काढली, सांधे मी जुळवले, आणि खाली लावायची नावाची पट्टी करायची वेळ आली तेव्हा मामा कात्री चालवता चालवता म्हणाला, "तुझंही नाव टाकू या का रे?"

"माझं कशाला," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि पुढचा फोटो कापू लागला.

लाजणाऱ्या माणसाला दोनदा विचारावे लागते. त्याला मी लहानपणापासून ठाऊक आहे. त्याने दोनदा विचारायला हवे होते. पट्टीवर एकच नाव कोरले गेले, आणि त्या दिवसापासून मी डूख धरला. उघडपणे काही केले नाही. तोंडात मूग धरून मी त्याच्या शेजारी काम करत राहिलो आणि वाट पाहत राहिलो. कसली, ते मलाही ठाऊक नव्हते.

ते मामीने आणून माझ्या हातात दिले.

यंदा डॉक्टरांनी तिचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरवले. पावसाळा संपत आला होता. दुपारचा चहा घेऊन ती स्टुडिओत आली आणि गोल स्टुलावर बसली. "आठ वर्षं येणारा-जाणारा विचारतो, वहिनी, खरंच असं दिसतं का हो तिथे? आणि मी आपली हसून वेळ मारून नेते. शस्त्रक्रियेनंतर चढण कायमची बंद म्हणतात. त्याआधी मला एकदा तिथे नेऊन उभी करा. मग कापा काय कापायचं ते."

"कापायला मी काय शिंपी आहे?" मामा म्हणाला. "आणि या गुडघ्यांनी दीड दिवस चढणार?"

"खेचर करू. खेचराचे गुडघे चांगले असतात."

"खेचराला विचारलंस का?"

"तुमच्याशी संसार केलाय, खेचराला मी समजावेन."

मामा हसला. हसताना त्याचे खांदे हलतात, ते मला पूर्वी आवडत असे. मग माझ्याकडे बोट करून तो तिला म्हणाला, "ऋतूचं आमच्या मुनिवरांना विचार. आपण फक्त कॅमेऱ्यामागे उभं राहायचं. कधी, ते याला कळतं."

हे तो नेहमीच म्हणतो. गिऱ्हाइकांसमोरही म्हणतो. आणि तो म्हणू लागला की मी आत डार्करूममध्ये जातो, कारण कोपऱ्यातल्या सहीपुढे तोंडच्या शब्दांची मातब्बरी काय?

मोजणीदार अजूनही दरवर्षी दहिवर पडले की एक पोस्टकार्ड टाकतो. त्यावर तीनच शब्द असतात: 'गवत पांढरे झाले.' तिथे फोन लागत नाही. डाकेला तीन दिवस लागतात. म्हणून कार्ड हातात पडले की त्याच संध्याकाळी निघायचे, असे ठरले. मामीने पिशवी भरून दाराशी ठेवली. शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली होती. मामा रोज दुपारी डाक येऊन गेली की विचारी, "आलं का रे कार्ड?" मी म्हणे, "नाही." असे दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी कार्ड आले नव्हते. आभाळ निरभ्र होते, म्हणजे वर धुक्याचा पंधरवडा ऐन भरात होता.

"आलं का रे?"

"आलं," मी म्हणालो.

एक शब्द. तो उच्चारताना घशाला जराही कोरड पडली नाही याचे मला नवल वाटले. मामाने कार्ड पाहायला मागितले नाही. त्याने कात्री ठेवली, हात पुसले आणि घरात हाक मारली, "अहो राणीसाहेब, खेचरं बोलावली आहेत."

ते गेल्यावर स्टुडिओ माझा एकट्याचा झाला. त्या आठ दिवसांइतका आनंद मला पूर्वी कधी झाला असेल तर आठवत नाही. पावणेनऊला ऊन चित्रावर आले की मी चहाचा कप घेऊन त्यासमोर उभा राही आणि मनात हिशेब करी: आज ते चढत असतील, आज पोहोचले असतील, या क्षणी 'तळेवाले' आपल्या जगप्रसिद्ध तळ्याच्या काठी उभे आहेत आणि त्यांना स्वतःचा हात दिसत नाही. काढ म्हणावे आता चित्र. कर सही. पांढऱ्या शाईची पांढऱ्यावर. बोटाचे काय ते मोल एकदा कळू दे त्याला. मी एकटाच हसत असे, आणि रिकाम्या खोलीत ते हसू मला बरे दिसत असावे असे वाटे.

मामीचा विचार मनात आला नाही असे नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते, असे म्हणून मी तो बाजूला सारला. दारातली तिची जुनी चप्पल मात्र त्या आठवड्यात मी दोनदा उचलून आत ठेवली.

ते परतले ते संध्याकाळी. मामीला उतरवून घ्यायला मी रस्त्यापर्यंत गेलो. तिचा चेहरा प्रवासाने उतरला होता.

"काय दिसलं?" मी विचारले. हा प्रश्न मी आठ दिवस घोटून ठेवला होता.

"दूध उतू गेल्यासारखं पांढरं," ती म्हणाली. "तीन दिवस काठावर बसले. धुक्यात मोजणीदाराची चौकीसुद्धा सापडली नाही. पाण्यात हात घातला तेव्हा कळलं, इथे पाणी आहे."

"ऋतू कधी कधी दगा देतो," मामा पिशव्या उचलत म्हणाला. "यंदा सगळंच मागेपुढे झालंय. पोराचा काय दोष."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड आले. डाक काउंटरवर मामाने घेतली. मी निळ्या पडद्यापाशी एका म्हातारबुवांची मान सरळ करत होतो, तिथूनच मला तो पोस्टकार्ड उलटून पाहताना दिसला. पोस्टकार्डाला काही दार-कडी नसते. तीन शब्द वाचायला त्याला बराच वेळ लागला. म्हातारबुवा गेल्यावर त्याने ते माझ्यापुढे धरले.

"तुझं कार्ड," तो म्हणाला. परत जाऊन त्याने म्हातारबुवांच्या आधीचे फोटो कापायला घेतले.

मी सहा-आठ वाक्यांची तयारी ठेवली होती. एकही लागले नाही. त्याने आरडाओरडा केला असता तर मी नावाची पट्टी काढली असती, सही काढली असती, आठ वर्षे काढली असती. तो कापत राहिला. शस्त्रक्रियेला तीन दिवस उरले होते. वर ते नऊ दिवस सुरू व्हायचे होते आणि खालून कुणाला तिथे जाता येणार नव्हते.

तेवढ्यात मामी भिंत धरत धरत आत आली आणि स्टुलावर टेकली. गुडघ्यांवर तिने गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. तिने चित्राकडे नजर लावली.

"मुनी, इकडे ये. जरा माझ्याशी बोल." मी जवळ गेलो. "मला तर काही दिसलं नाही. निदान तू सांग. ती सकाळ कशी होती?"

मी सांगू लागलो. इतके सलग मी तिच्याशीही कधी बोललो नसेन. पाणी कसे स्तब्ध होते, शिखरावरचा डावीकडचा कडा कसा गुलाबी होता, मधल्या रेघेसारखे धुके कसे एका टोकाला विरत गेले होते. शब्द चांगले येत होते. मला वाटले, एवढे तरी मी तिला परत देऊ शकतो.

तिने ऐकून घेतले आणि मान हलवली. "हे सगळं त्यात आहे रे," ती चित्राकडे बोट करून म्हणाली. "हे मी रोज पुसते. त्याच्या बाहेरचं सांग. तुमच्या पाठीमागे काय होतं? पाण्याचा आवाज येत होता का? कुठलं पाखरू ओरडत होतं का?"

"पाखरं होती," मी म्हणालो.

"कसली?"

मी चित्राकडे पाहिले. त्यात एकही पाखरू नव्हते.

"यांना कितीदा विचारलं," ती म्हणाली. "म्हणतात, आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो, पण माझा एक डोळा मिटलेला आणि दुसरा कॅमेऱ्यात. मुनीला विचार, त्याचे दोन्ही उघडे होते."

काउंटरवरची कात्री थांबली. मामाने मान वर केली नाही. हातातला अर्धा कापलेला फोटो तसाच धरून तो बसून राहिला. आठ वर्षे त्याने तिला, गिऱ्हाइकांना, कॅलेंडरवाल्यांना हेच सांगितले होते, आणि मी दर वेळी डार्करूममध्ये गेलो होतो.

"सांग ना रे," मामी म्हणाली. "थंडी किती होती? एवढं तरी."

मी आठवायचा प्रयत्न केला. मला रजईची ऊब आठवली. तंबूच्या कापडापलीकडून मामाची हाक आठवली, आणि पाच मिनिटांनी दुसरी. ट्रायपॉड मी रोवला तिथून चाळीस पावले पुढे, दुसऱ्याच खडकावर उभा होता, तेही आठवले. मी बाहेर आलो तेव्हा मामा त्याचे पाय मिटत होता आणि पाण्यावर वारा सुटला होता.

ते चित्र निघाले तेव्हा मी झोपलो होतो.