हत्ती पाण्यावर आले तेव्हाची मीटिंग

हर्षाचं ऑफिस म्हणजे आरमोरीजवळच्या गावातल्या तिच्या घराची माडी. पुण्याच्या एका कंपनीत ती एचआरला होती. गावात इंटरनेटची लाइन आली तशी ती घरूनच काम करू लागली. खिडकीखाली भाताची खाचरं, म्हणजे धानाच्या बांध्या, त्यांच्यापलीकडे तलाव आणि मग सरळ जंगल. पण तिकडे बघायला तिला सवड कुठली? कंपनीने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते सगळ्यांना शिकवायचं काम तिच्याकडेच आलं होतं. माउस हलला, बोटं चालली की नावापुढे हिरवा ठिपका. हात थांबले की पिवळा. दिवस संपला की प्रत्येकाच्या कामाचा टक्का. हर्षाचा टक्का नेहमी वरच्यांत असायचा आणि मनातून तिला त्याचं फार कौतुक होतं.

त्या दिवशी दिवेलागणीला तिने दानिशला मीटिंगला बोलावलं. त्याला समज द्यायची होती. दानिश चंद्रपूरचा, कंपनीतल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं त्याचं काम. त्याचा ठिपका दुपार-दुपार पिवळाच असायचा.

"तुमचं काम वाईट आहे असं नाही म्हणत मी," हर्षा म्हणाली. "पण टक्का फार खाली आलाय, दानिश."

"मॅडम, समोरचा माणूस रडून राह्यला असते. तेव्हा मी माउस हलवू, का त्याचं ऐकू?"

यावर कंपनीचं ठरलेलं उत्तर होतं. हर्षा ते देणार, तोच तिचे वडील, रामाजी, अनवाणी पायांनी जिना चढून वर आले आणि काही न विचारता त्यांनी दिवा मालवला.

"बाबा, मीटिंग चालू आहे माही."

"बोलू नोको, पोरी," ते तिच्या कानाशी कुजबुजले. "हत्ती आले तलावावर. फॉरेस्ट गार्डचा फोन आला, घराबाहेर नोका निघू म्हणे."

छत्तीसगडकडून हत्ती उतरले, अमक्या गावाचा धान तुडवला, हे सगळं ती ऐकून होती. पाहिले मात्र कधी नव्हते. ती खिडकीशी गेली. आधी काहीच दिसेना. मग जंगलाची कडच हलल्यासारखी वाटली. त्या काळोखातून एक तुकडा सुटा झाला, त्यामागे दुसरा, आणि बघता बघता वीसेक हत्ती पाण्याच्या काठाला येऊन उभे राहिले. एवढा मोठा कळप, पण काटकी मोडल्याचा आवाज नाही. पाण्यात उरलेला तांबूस उजेड त्यांच्या पायांनी फुटून पसरला.

"मॅडम? आवाज येऊन नाई राह्यला," लॅपटॉपमधून दानिश म्हणाला.

हर्षाने स्क्रीनचा उजेड कमी केला आणि लॅपटॉप उचलून खिडकीकडे तोंड करून धरला.

"या अल्लाह," एवढंच ऐकू आलं.

पाणी पिऊन कळप तलावाच्या अलीकडच्या पाळीवर, मातीच्या बांधावर चढू लागला. एक पिल्लू चिखलात घसरलं. पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. कुणी त्याला ढकललं नाही, कुणी पुढेही गेलं नाही. सगळा कळप जागच्या जागी थांबला. तेवढ्यात कुठूनतरी एक खोल घुमारा उठला. तो कानांना जेमतेम कळला, पण खिडकीची काच थरथरली आणि हर्षाच्या बरगड्यांत काहीतरी हललं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. शेजारी रामाजींनी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून हातात घेतला होता.

पिल्लू चढलं. मग सगळा कळप हर्षाच्या घरच्याच बांधीतून सावकाश चालत अंधारात मिसळून गेला.

दानिशने हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही मले काही सांगत होत्या."

"राहू द्या," हर्षा म्हणाली. "उद्या मीच साहेबांशी बोलते."

दिवा लावला तेव्हा स्क्रीनवर तिच्याच नावापुढे पिवळा ठिपका होता आणि खाली प्रश्न आला होता: काम थांबल्याचं कारण? जेवण, नेटवर्क, वैयक्तिक. यातलं एकही तिला निवडता येईना. तिने 'इतर' दाबलं आणि लिहिलं, 'पाहत होते.'

सकाळी ती वडिलांबरोबर बांधीत उतरली असताना, तिची नोंद वाचून पुण्याहून साहेबांचाच फोन आला.

"पाहत होते म्हणजे काय, हर्षा?"

तिने हत्तींचं सांगितलं, मग दानिशचं. "सर, ऐकण्याचा वेळ आपण मोजतच नाही. त्याचं तर सगळं काम ऐकण्याचंच आहे. फोनवरचा वेळ धरा, नाहीतर त्याला समज देणं माझ्याच्यानं होणार नाही."

असं ती त्यांच्याशी आजवर बोलली नव्हती. "तक्रारींच्या टीमपुरतं करून बघू," साहेब म्हणाले. "आणि पुढच्या वेळी हत्ती आले तर मलाही जोडून घ्या."

तिने फोन खिशात टाकला. चार बांध्यांतला धान आडवा झाला होता. वनखात्याचे लोक पंचनाम्याला यायचे होते. पण रामाजींचं लक्ष धानाकडे नव्हतं. ते एका पावलाच्या ठशाशी उकिडवे बसले होते. ठशात पाणी झिरपलं होतं आणि त्यात आभाळ उतरलं होतं. हर्षाने चपला काढल्या आणि आत पाय ठेवले. दोन्ही पाय मावले, तरी कडेने जागा उरली.

"एवढा मोठा जीव," रामाजी म्हणाले, "अन् आपल्या घराजवळून गेला, तं कुत्रंबी भुकलं नाई."